युद्धाच्या सावटात स्नायूंचे रहस्य उलगडणारे शास्त्रज्ञ : आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी
(१६ सप्टेंबर : जयंतीविशेष)

आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, श्वास घेतो. या प्रत्येक कृतीमागे स्नायूंचे आकुंचन असते. मृत मांसातून काढलेली दोन प्रथिने प्रयोगशाळेतील काचपात्रात एकत्र आणली आणि त्यांना योग्य रसायन मिळाले, तर तेच आकुंचन डोळ्यांसमोर घडू शकते, हे जगाला प्रथम दिसले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हंगेरीतील सेगेड या शहरात. या संशोधनाचे नेतृत्व करणारे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी सर्वसामान्यांना ‘क’ जीवनसत्त्वाचे संशोधक म्हणून परिचित आहेत. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिकही प्रामुख्याने त्याच कार्यासाठी मिळाले. तथापि शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासात त्यांच्या स्नायूविषयक कार्याचे मोल तितकेच, किंबहुना काकणभर अधिक मानले जाते.

सेंट-ग्यॉर्गी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. त्यांचे मातुल घराणे शास्त्रज्ञांचे होते. आजोबा योझेफ लेनहोशेक आणि मामा मिहाय लेनहोशेक हे दोघेही नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ होते. अशा घरात वाढलेला हा मुलगा मात्र शाळेत अभ्यासात मागे असे. पुढे वाचनाची गोडी लागली आणि संशोधक होण्याची इच्छा त्याने बोलून दाखवली, तेव्हा भाच्याच्या बुद्धीविषयी साशंक असलेल्या मामांनी प्रथम विरोधच केला. शालेय शिक्षणाच्या अखेरीस मुलाने चांगले यश मिळवले आणि १९११ मध्ये त्याला बुडापेस्टमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळाला.

शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. वैद्यकीय विद्यार्थी या नात्याने त्यांना सैन्यात दाखल व्हावे लागले. त्यांना शौर्यपदकही मिळाले. परंतु दोन वर्षे रणभूमीवरील संहार पाहिल्यानंतर या युद्धात मरण्याला काहीही अर्थ नाही, असे त्यांचे ठाम मत बनले. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच डाव्या हातावर गोळी झाडली आणि ती शत्रूची असल्याचे सांगितले. ही बाब उघडकीस आली असती तर त्यांना कठोर शिक्षा झाली असती. जखमी म्हणून ते बुडापेस्टला परतले आणि १९१७ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी पूर्ण केली. युद्धाविषयीचा हा तिटकारा त्यांच्या मनात आयुष्यभर राहिला.

युद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले. सेंट-ग्यॉर्गी यांनी पत्नी आणि लहान मुलीसह प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन आणि ग्रोनिंगेन अशी भ्रमंती केली. मिळेल ते काम स्वीकारून ते सजीव पेशींतील ज्वलनक्रियेचा, म्हणजे अन्नातून ऊर्जा मुक्त होण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करीत राहिले. १९२६ मध्ये ग्रोनिंगेन येथील आधार सुटला आणि कुटुंबाला हंगेरीस परत पाठवण्याची वेळ आली. त्याच वर्षी स्टॉकहोम येथील शरीरक्रियाविज्ञान परिषदेत केंब्रिजचे सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी आपल्या भाषणात या अपरिचित हंगेरियन संशोधकाच्या निबंधाचा गौरवाने उल्लेख केला. पुढे त्यांनी सेंट-ग्यॉर्गी यांना केंब्रिजला बोलावून घेतले. निराशेच्या टोकाला पोहोचलेल्या या संशोधकाचे आयुष्य तेथून पालटले.

केंब्रिजमध्ये त्यांनी अधिवृक्क ग्रंथींमधून एक नवे आम्लधर्मी द्रव्य वेगळे केले. पुढे सुमारे वर्षभर अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये राहून, कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या ग्रंथींपासून त्यांनी या द्रव्याचे जेमतेम २५ ग्रॅम स्फटिक मिळवले. हंगेरीचे शिक्षणमंत्री कुनो क्लेबेल्सबर्ग यांच्या निमंत्रणावरून त्यांनी सेगेड विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारले. तेथे जोसेफ स्विरबेली या तरुण सहकाऱ्याने गिनी पिगांवर केलेल्या प्रयोगांतून ते द्रव्य म्हणजेच स्कर्व्ही रोखणारे ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे १९३२ मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेतील चार्ल्स ग्लेन किंग यांनीही काही दिवसांच्या अंतराने तोच निष्कर्ष प्रसिद्ध केल्याने श्रेयाचा वाद बराच काळ रंगला.

द्रव्य अधिक प्रमाणात मिळवण्याचा मार्ग मात्र सेगेडच्या मातीतच होता. हा परिसर पापरिका मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडील ढोबळी मिरची याच कुळातील. एका रात्री जेवणात वाढलेली मिरची खाण्याऐवजी सेंट-ग्यॉर्गी ती प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि मध्यरात्रीपर्यंत तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्वाचा मोठा साठा त्यांच्या लक्षात आला. काही आठवड्यांतच किलोच्या मापात शुद्ध द्रव्य हाती आले. ते त्यांनी ठिकठिकाणच्या संशोधकांना अभ्यासासाठी मोफत पाठवले. ब्रिटनमधील नॉर्मन हॉवर्थ यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित केली. १९३७ मध्ये सेंट-ग्यॉर्गी यांना वैद्यकशास्त्राचे आणि हॉवर्थ यांना पॉल कारर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोव्हिएत आक्रमणाला तोंड देणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी सेंट-ग्यॉर्गी यांनी १९४० मध्ये आपले सुवर्णपदक देऊन टाकले.

पारितोषिकानंतर त्याच विषयात रमणे सोपे होते. सेंट-ग्यॉर्गी यांनी मात्र स्नायूंकडे मोर्चा वळवला. हालचाल हे सजीवतेचे सर्वांत ठळक लक्षण असून, जीवनाचे कोडे सोडवायचे असेल तर सुरुवात स्नायूपासून करावी, अशी त्यांची धारणा होती.

मानवी शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू असतात आणि शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. हे कंकाल स्नायू आपल्या इच्छेनुसार हालतात, म्हणून त्यांना ऐच्छिक स्नायू असेही म्हणतात. प्रत्येक स्नायू हा असंख्य स्नायुतंतूंचा जुडगा असतो. हे जुडगे संयोजी ऊतीच्या आवरणांत बांधलेले असतात आणि टोकाशी कंडरांच्या साहाय्याने हाडाला जोडलेले असतात. एक स्नायुतंतू म्हणजे एक लांबलचक पेशी. तिची जाडी साधारणपणे १० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतकी असते. लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते. तिच्यात अनेक केंद्रके असतात. या पेशीच्या पोटात जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीचे शेकडो तंतुक एकमेकांना समांतर रचलेले असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर गडद व फिकट पट्टे आलटून पालटून दिसतात.

हे पट्टे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी त्याच शतकात स्नायूतून एक प्रथिन वेगळे करून त्याला मायोसिन हे नावही दिले होते. १९२९ मध्ये एटीपी, म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, या ऊर्जावाहक रेणूचा शोध लागला. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. १९३९ मध्ये मॉस्कोतील व्लादिमिर एंगेलहार्ट आणि मिलित्सा ल्युबिमोव्हा या दांपत्याने मायोसिन स्वतःच एटीपीचे विघटन करते, असे दाखवले. ऊर्जा आणि ती वापरणारे प्रथिन यांचे नाते त्यामुळे स्पष्ट झाले. मात्र त्या ऊर्जेतून हालचाल कशी निर्माण होते, हा प्रश्न अनुत्तरित होता.

सेगेड येथे सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकारी इलोना बांगा सशाच्या स्नायूपासून मायोसिन काढण्याचे काम करीत होते. वाटलेला स्नायू मिठाच्या द्रावणात सुमारे वीस मिनिटे ठेवला, तर पातळ द्रावण मिळत असे. तोच लगदा रात्रभर तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी द्रावण दाट आणि चिकट झालेले दिसे. पहिल्यास मायोसिन ‘अ’ आणि दुसऱ्यास मायोसिन ‘ब’ म्हटले जाऊ लागले. दाट द्रावणात एटीपी मिसळताच त्याचा चिकटपणा झपाट्याने उतरत असे. पातळ द्रावणावर मात्र असा परिणाम होत नसे. दोहोंत काहीतरी मूलभूत फरक होता, हे उघड होते.

यानंतर सेंट-ग्यॉर्गी यांनी मायोसिन ‘ब’चे द्रावण बारीक छिद्रातून पाण्यात सोडून त्याचे धागे तयार केले. त्या धाग्यांवर उकळलेल्या स्नायूचा रस घालताच ते आखडून लहान झाले. त्या रसातील प्रभावी घटक एटीपी आणि क्षार असल्याचे आढळले. मायोसिन ‘अ’चे धागे मात्र निश्चल राहिले. सजीव शरीराबाहेर, केवळ प्रथिनांच्या धाग्यात घडलेले हे आकुंचन होते. आपल्या आयुष्यातील सर्वांत रोमांचक क्षण कोणता, असे विचारले असता सेंट-ग्यॉर्गी नोबेल पारितोषिकाऐवजी याच प्रयोगाकडे बोट दाखवीत.

‘अ’ आणि ‘ब’ यांतील फरकाचे उत्तर ब्रूनो स्ट्राउब या अठ्ठावीस वर्षांच्या सहकाऱ्याने १९४२ मध्ये शोधले. मायोसिन काढून घेतल्यावर उरलेल्या स्नायूच्या चोथ्यावर ॲसिटोनची प्रक्रिया करून त्यांनी तो वाळवला आणि त्या भुकटीतून पाण्याच्या साहाय्याने एक नवे प्रथिन वेगळे केले. मायोसिनला क्रियाशील करणारे म्हणून त्याचे नाव ॲक्टिन ठेवण्यात आले. मायोसिन ‘ब’ म्हणजे ॲक्टिन आणि मायोसिन यांचा संयोग होता. रात्रभर ठेवलेल्या लगद्यातून ॲक्टिनही द्रावणात उतरत असल्याने ते दाट होत असे. दोन्ही प्रथिने वेगवेगळी असताना निष्क्रिय राहतात. एकत्र येऊन एटीपी मिळताच आकुंचन पावतात. स्नायूच्या इंजिनाचे मुख्य भाग अशा प्रकारे जगासमोर आले. हेच स्ट्राउब पुढे १९८८ ते १९८९ या काळात हंगेरीच्या राष्ट्रप्रमुखपदी होते.

हे सर्व संशोधन सेगेड विद्यापीठाच्या छोट्या अहवालपुस्तिकांमधून प्रसिद्ध झाले. युद्धामुळे बाहेरच्या जगाशी संपर्क जवळपास तुटलेला असल्याने अनेक देशांतील शास्त्रज्ञांना त्याची माहिती युद्ध संपल्यावरच झाली.

दरम्यान प्रयोगशाळेचे प्रमुख स्वतः मोठ्या संकटात सापडले होते. हंगेरी जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला होता. सेंट-ग्यॉर्गी यांचा नाझींना उघड विरोध होता. विद्यापीठाचे कुलगुरू असताना यहुदीद्वेषी विद्यार्थी गटांना त्यांनी थारा दिला नाही. १९४३ च्या प्रारंभी ते शास्त्रीय व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला गेले. हंगेरीला युद्धातून बाहेर काढता येईल का, हे पडताळण्यासाठी पंतप्रधान मिक्लोश कालाय यांच्या संमतीने दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींशी संधान बांधणे, हा त्या प्रवासाचा खरा हेतू होता. जर्मन हेरांना याचा सुगावा लागला. हिटलरने हंगेरीचे राष्ट्रप्रमुख मिक्लोश होर्ती यांच्याकडे संताप व्यक्त करून या शास्त्रज्ञाला ताब्यात देण्याची मागणी केली. होर्ती यांच्या राजवटीने त्यांना स्थानबद्ध केले, परंतु जर्मनीच्या हवाली केले नाही.

मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरी व्यापला आणि गेस्टापोने त्यांचा शोध सुरू केला. युद्ध संपेपर्यंत ते जागा बदलत भूमिगत राहिले. काही काळ त्यांना बुडापेस्टमधील स्वीडनच्या दूतावासाने आश्रय दिला. याच धामधुमीत त्यांच्या स्नायूविषयक निष्कर्षांचा सारांश स्वीडनमधील शास्त्रज्ञ हूगो थिओरेल यांच्यापर्यंत पोहोचला आणि १९४५ मध्ये तेथील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक जिवंत राहिला नसता, तरी त्याचे कार्य वाचले असते.

युद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना सन्मानाने वागवले. बुडापेस्ट विद्यापीठात त्यांनी नवी प्रयोगशाळा उभारली, तसेच देशातील विज्ञानसंस्थांच्या पुनर्बांधणीत भाग घेतला. परंतु साम्यवादी सत्तेची पकड घट्ट होत गेली, तसा त्यांचा भ्रमनिरास झाला. १९४७ मध्ये त्यांनी मायदेश सोडला आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यावरील वुड्स होल येथील सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळेत आसरा घेतला.

तेथील काळात, १९४९ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाचा प्रयोग केला. सशाच्या स्नायूच्या पट्ट्या ग्लिसरॉलच्या द्रावणात थंड जागी ठेवल्या असता पेशीतील बहुतांश द्रव्ये निघून जातात आणि तंतूंचा सांगाडा मात्र शाबूत राहतो. आठवडे उलटल्यानंतरही अशा पट्टीला एटीपी मिळताच ती सजीव स्नायूच्या तोडीच्या बळाने आकुंचन पावते, असे त्यांनी दाखवले. अभ्यासकांच्या हाती त्यामुळे एक सोयीचे साधन आले. ते आजही जगभर वापरले जाते.

याच साधनाने पुढे त्यांच्या स्वतःच्या समजुतीला धक्का दिला. आकुंचनाच्या वेळी प्रथिनांचे धागेच दुमडून किंवा आखडून लहान होत असावेत, असे सेंट-ग्यॉर्गी यांच्यासह त्या काळातील बहुतेक अभ्यासकांना वाटत होते. मे १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा, तर दुसरा अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ निडरगेर्के यांचा. दोघा हक्सलेंचे एकमेकांशी नाते नव्हते. पहिल्या जोडीने ग्लिसरॉलमध्ये राखलेल्या सशाच्या स्नायूतील तंतुकांचे, तर दुसऱ्या जोडीने बेडकाच्या जिवंत स्नायुतंतूंचे निरीक्षण केले होते. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, केवळ फिकट पट्टा अरुंद होतो, असे दोघांनाही आढळले. धागे आखडत नव्हते. ते एकमेकांवरून सरकत होते. ॲक्टिन आणि मायोसिन यांची जोडी खरी ठरली, मात्र ती काम कशी करते याविषयीचा सेंट-ग्यॉर्गी यांचा अंदाज चुकला होता.

आज ही यंत्रणा बरीच स्पष्ट झाली आहे. प्रत्येक तंतुक हा एकापुढे एक जोडलेल्या सूक्ष्म खंडांचा बनलेला असतो. विश्रांतीच्या स्थितीत एका खंडाची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर असते. खंडाच्या मध्यभागी मायोसिनचे जाड धागे, तर दोन्ही टोकांकडून आत येणारे ॲक्टिनचे पातळ धागे असतात. मायोसिनच्या रेणूंची डोकी जाड धाग्यातून बाहेर डोकावतात. मेंदूची आज्ञा चेतातंतूमार्गे स्नायूपर्यंत पोहोचली की चेताग्रातून ॲसिटिलकोलिन हे रसायन स्रवते आणि स्नायुतंतूच्या पटलावर विद्युत्‌लहर उमटते. ही लहर सूक्ष्म नलिकांतून आत शिरते आणि पेशीतील साठ्यातून कॅल्शियम मुक्त होते. ॲक्टिनवरील ट्रोपोनिन या प्रथिनाला कॅल्शियम चिकटले की त्याच्याशी संलग्न ट्रोपोमायोसिन बाजूला सरते आणि मायोसिनला पकड घेण्याची जागा मोकळी होते. ट्रोपोनिनच्या शोधाचे श्रेय जपानचे सेत्सुरो एबाशी यांच्या संशोधनाला जाते.

पकड बसताच मायोसिनचे डोके वळते आणि ॲक्टिनचा धागा खंडाच्या मध्याकडे काही नॅनोमीटर ओढला जातो. नवा एटीपी रेणू येऊन चिकटला की पकड सुटते, त्याच्या विघटनातून डोके पुन्हा सज्ज होते आणि पुढची पकड घेते. एका सेंटिमीटर लांबीत असे सुमारे ४ हजार खंड असतात. प्रत्येक खंड अर्धा मायक्रोमीटर आखडला, तरी त्या एका सेंटिमीटरमध्ये दोन मिलिमीटरचा फरक पडतो. कॅल्शियम पुन्हा साठ्यात खेचले गेले की स्नायू सैल होतो. पकड सुटण्यासाठीही एटीपी लागतो, म्हणूनच मृत्यूनंतर एटीपी संपताच मायोसिनची पकड अडकून राहते आणि शरीर ताठरते. सेगेडच्या प्रयोगशाळेत दाट द्रावण एटीपी मिळताच पातळ होत होते, त्यामागे हीच पकड सुटण्याची क्रिया होती.

सेंट-ग्यॉर्गी यांना १९५४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले. उत्तरायुष्यात ते कर्करोगाच्या संशोधनाकडे वळले. त्यामागे वैयक्तिक दुःखही होते. १९६३ मध्ये त्यांच्या द्वितीय पत्नी मार्टा आणि १९६९ मध्ये एकुलती एक कन्या नेली यांचे कर्करोगाने निधन झाले. पेशींतील इलेक्ट्रॉनांच्या वहनात कर्करोगाचे मूळ शोधण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र शास्त्रज्ञांमध्ये सर्वमान्य झाला नाही आणि संशोधनासाठी निधी मिळवताना त्यांना अखेरपर्यंत झगडावे लागले. अण्वस्त्रस्पर्धा आणि व्हिएतनाम युद्ध यांनाही त्यांनी जाहीर विरोध केला. तरुणपणी युद्ध नाकारणारी गोळी स्वतःवर झाडणारा हा माणूस उतारवयातही आपल्या भूमिकेवर ठाम होता.

२२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होल येथे वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सेगेड येथील वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ॲक्टिन आणि मायोसिन यांच्या अभ्यासावर आज स्नायुदौर्बल्याच्या अनेक विकारांचे आकलन आधारलेले आहे. हृदयाचा स्नायू अनुवांशिक दोषामुळे जाड होण्याच्या विकारावर, मायोसिनच्या क्रियेलाच आवर घालणारे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आठ दशकांपूर्वी, तोफांच्या गडगडाटात आणि बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेला असताना, एका लहान शहरात आखडलेल्या त्या धाग्याचा लाभ आज रुग्णांपर्यंत पोहोचला आहे.